कागद राहिले : ‘तिलावा’ बोटीची आठवण

माझं वय आता ९३. दहा वर्षांची असताना मी आई आणि मामाबरोबर मुंबईहून मोंबासाला निघाले होते. वाटेत अरबी समुद्रात जपानी पाणबुडीनं आमची बोट बुडवली. बोटीचं नाव ‘तिलावा’. आम्ही दोघी वाचलो, मामा गेला. आमच्या नात्यागोत्यात एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मामा कसा गेला याबद्दल मात्र आईनं जे सांगितलं तेच सगळ्यांनी धरून ठेवलं. मामाला ती बाळ म्हणायची. ती सांगायची, “बाळ लोकांना मदत करायला परत वर चढला.” ते पूर्ण खरं नाही. आई १९८४ साली गेली. मामाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तो कशासाठी चढला ते माझ्याबरोबर संपू नये, म्हणून नातवाला बसवून हे लिहून घेते आहे.

बाबा नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. मी पाच वर्षांची असताना ते तिकडे गेले, त्यानंतर लढाई लागली आणि येणं-जाणं थांबलं. त्यांची पत्रं यायची ती सेन्सॉरनं फोडून पुन्हा चिकटवलेली. १९४२ च्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं, बिऱ्हाड मिळालंय, आता तुम्ही या. गावात सगळ्यांनी आईला वेड्यात काढलं. आमचं गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीवर. त्या वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, मार्चमध्ये रंगून. एप्रिलमध्ये कोलंबोवर आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. मुंबईतली माणसं मुलंबाळं घेऊन कोकणात येत होती आणि आई मुंबईला जाऊन पुढे समुद्र ओलांडायचं म्हणत होती. आजोबांना ती एवढंच म्हणाली, “इथं बसून घाबरायचं ते तिथं जाऊन घाबरेन.”

मग कागद सुरू झाले. ज्यांनी तेव्हा परदेश पाहिला नाही त्यांना वाटतं, तिकीट काढलं की झालं. आईच्या पासपोर्टासाठी तिचा फोटो हवा होता. तोवर तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. राजापूरला फोटोवाल्यासमोर ती डोक्यावरून पदर घेऊन बसली, तो म्हणाला कपाळ दिसायला हवं, तिनं पदर बोटभर मागं घेतला. तसा तो फोटो आहे म्हणा, होता म्हणा. लग्न झाल्याचा पुरावा, बाबांच्या कचेरीचं पत्र, तिकडच्या सरकारचा प्रवेशाचा परवाना, देवी टोचल्याचे दाखले, कुणाची सही राहिली म्हणून परत, सही आली तर शिक्का नाही म्हणून परत. यात सात महिने गेले. मुंबईत फोर्टातल्या कचेऱ्यांचे खेटे मामानं घातले. तो आईचा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, गिरगावात एका चाळीत राहून कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचा. बाबांनी त्यालाही बोलावून घेतलं होतं. हे सगळे कागद त्यानं बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात घातले, वर मेणकापड बांधलं आणि आईच्या हातात देऊन म्हणाला, “ताई, हा डबा म्हणजे आफ्रिका. हा गेला तर आपल्याला बंदरावरून परत पाठवतील.” आईनं ते मनावर घेतलं. आगबोटीनं मुंबईला येताना आणि चाळीत राहिलो ते पंधरा दिवस तिनं डबा उशाखालून हलवला नाही.

मामाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. ९ ऑगस्टला तो गवालिया टँकवर होता. अश्रुधुरानं सुजलेले डोळे घेऊन घरी आला होता म्हणे. आणि रात्री चाळीतल्या एका खोलीत दार लावून, रेडिओवर गोधडी टाकून, चारपाच जण बर्लिनहून येणारा आझाद हिंद रेडिओ ऐकायचे, त्यात तो असायचा. एका रात्री मीही त्याच्या मांडीवर बसून ऐकला. मला फक्त खरखर ऐकू आली. मामा हळूच कानात म्हणाला, “हे सुभाषबाबू.”

तुळशीचं लग्न झालं आणि शुक्रवारी, २० नोव्हेंबर १९४२ ला, आम्ही बॅलार्ड पिअरवर बोटीवर चढलो. तोवर मला आगबोट म्हणजे जैतापूरला येणारी तेवढीच माहीत, पडावातून जाऊन जिच्यावर चढायचं ती. ‘तिलावा’ दहा हजार टनांची होती. खालून मान वर केली तर आकाशाला लागलेली भिंत वाटली. आमचं तिकीट डेकचं. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंका भोवती मांडून आपली हद्द आखायची, की झालं बिऱ्हाड. बोटीवर ७३२ उतारू होते, बहुतेक गुजराती, नवसारी, सुरत, पोरबंदरकडचे. कुणी शिंपी, कुणी सुतार, कुणी दुकानदार, आणि आमच्यासारख्या नवऱ्याकडे निघालेल्या कितीतरी बायका. २२२ खलाशी-नोकर आणि ४ तोफची धरून सगळे ९५८ जण. शेजारच्या गुजराती बेनच्या कडेवर सहा महिन्यांचं मूल होतं. तिनं आम्हाला ठेपले दिले, आईनं तिला फणसपोळी दिली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण संध्याकाळपर्यंत तिचं मूल आईच्या मांडीवर झोपलेलं.

जेवण वाढणारे बरेचसे गोव्याचे होते. खलाशांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान बरेच. त्यातल्या एका वयस्क खलाशानं आईचं बोलणं ऐकलं आणि थांबून विचारलं, “बाय, कुठल्या गावची गो?” तो बाणकोटकडचा. मी त्याला चाचा म्हणायला लागले. आई त्याला भाऊ म्हणायची. दुसऱ्या दिवशी मला बोट लागली, पोटात काही ठरेना, तेव्हा चाचानं बोटीवरच्या स्वयंपाक्याकडून, भंडाऱ्याकडून, भाताची पेज आणि लिंबाची फोड आणून दिली. पाण्यात तरंगायचा कॉर्कचा पट्टा कसा बांधायचा, भोंगा झाला की कुठल्या जिन्यानं वर यायचं, हेही त्यानंच आईकडून तीनदा करून घेतलं. मामाला ते जरा अति वाटलं. आईनं नीट केलं.

२२ तारखेला त्रिपुरी पौर्णिमा होती. गावी देवळात दीपमाळ लागते त्या दिवशी. आई संध्याकाळी म्हणाली, “आता उजळली असेल.” बोटीवर दिवा लावायची सोयच नव्हती. खिडक्यांना काळा रंग, वर विडी ओढायला बंदी, दाराला जाड पडदे. आमच्याबरोबर दुसरी कुठलीही बोट नव्हती. सगळीकडचे दिवे झाकले होते, पण चंद्र काही झाकता येत नव्हता. समुद्र दूरवर पांढरा दिसत होता. ते बघून मी खाली मामाच्या शेजारी येऊन झोपले.

पहाटे दोनच्या सुमाराला मला जाग आली ती आवाजानं नव्हे, आपटल्यानं. मी उचलली गेले आणि ट्रंकेवर पडले. मग आवाज. तो कानांनी ऐकलेला आठवत नाही, छातीत बसलेला आठवतो. फटाक्यांच्या दारूसारखा वास आला. त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात भीतीदायक वाटलं होतं: यंत्र थांबलं. तीन दिवस पायाखाली, उशाखाली, सारखी एक घरघर होती, तिची इतकी सवय झालेली की ती थांबल्यावर कळलं ती होती म्हणून. दोन क्षण काहीच नव्हतं. मग माणसांचा ओरडा सुरू झाला.

आईनं माझी वेणी धरली. हात धरला असता तर सुटला असता, असं ती नंतर म्हणायची. जिन्यावर माणसांवर माणसं होती. मामा पुढे, आई मध्ये, मी आईच्या पाठीशी. वर आलो तर होड्या सोडायची घाई चाललेली. एका होडीत इतकी माणसं घुसली की एका बाजूचा दोर आधी सुटला, होडी उभी झाली आणि सगळी माणसं खाली गेली. ते मी बघितलं. त्याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

आम्हाला चाचानं ओढलं. “पोरीला आधी दे, बाय,” म्हणाला. मग आईला, मग ती शेजारची बेन आणि तिचं मूल. मामा मागे उभा राहिला होता, त्याला चाचानंच दंडाला धरून आत ढकललं, “वल्हं मारणारा हवा मला.” होडी पाण्याला लागली. मामा खाडीकाठचा, वल्हं त्याच्या हातात बसलं. आम्ही बोटीपासून दूर झालो, आपल्याकडे खाडीचा एक काठ ते दुसरा काठ असतो तेवढे.

आता त्या तासाबद्दल सांगते. मला खरं लिहायचं होतं ते हेच.

आम्ही बोट बुडायची वाट बघत होतो. ती बुडेना. थोडी वाकली आणि तशीच उभी राहिली. चंद्रप्रकाशात तिच्या शिड्या, दोर, कठडे स्पष्ट दिसत होते. वर अजून शेकडो माणसं होती. हळूहळू ओरडा कमी झाला. होड्याहोड्यांतून लोक एकमेकांना नावानं हाका मारायला लागले, उत्तरं यायला लागली. कुणी हसल्याचंही मी ऐकलं. कुणीतरी म्हणालं, ही आता जात नाही, सकाळी दुसरी बोट येईल आणि ओढून नेईल. बिनतारी संदेश पाठवणारे अधिकारी डंकन आपल्या खोलीत बसून मदत मागत होते. ते तिथून उठलेच नाहीत, बोटीबरोबर गेले, हे मला मोठेपणी वाचून कळलं. मग काही होड्या परत बोटीकडे वळल्या. माणसं वर चढायला लागली. कुणाला आपलं माणूस शोधायचं होतं, कुणाला पाणी आणि कांबळी आणायची होती, कुणाला होडीपेक्षा बोटच बरी वाटत होती. आमची होडीही तिकडे गेली. इतक्या लहान होडीत इतक्या माणसांनी त्या अफाट पाण्यावर बसून राहण्यापेक्षा त्या मोठ्या भिंतीजवळ जाणं सगळ्यांनाच बरं वाटलं असणार. मला तरी वाटलं.

आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. भिंत जवळ आल्यावर ती एकदम स्वतःचे हात चाचपायला लागली, मांडी चाचपली, माझ्या पाठीमागे बघितलं. आणि म्हणाली, “बाळ, कागद राहिले रे.”

ती एकदाच म्हणाली. जा म्हणाली नाही. आण म्हणाली नाही. पण मामा तिचा भाऊ होता आणि त्यानं स्वतःच तिला सांगितलं होतं, हा डबा म्हणजे आफ्रिका. तो म्हणाला, “आणतो.” चाचा म्हणाला, “थांब रे, उजाडू दे.” मामानं चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या, धोतर खोचलं आणि दोराच्या शिडीला धरलं. “पाणीपण बघतो मिळतं का,” असं म्हणाला. म्हणजे आई जे सांगायची त्यात तेवढा भाग खरा आहे. त्याच्या पुढे-मागे आणखी माणसं चढत होती. माझी नजर त्याच्या तळपायांवर होती, ते वर वर गेले आणि कठड्यापलीकडे दिसेनासे झाले. चाचानं होडी थोडी बाजूला घेतली, बोटीवर आपटू नये म्हणून.

मामा वर जाऊन किती वेळ झाला होता? आमच्या डेकपर्यंत पोचायला, अंधारात वळकटी शोधायला, डबा घ्यायला लागेल तेवढा. मी आयुष्यभर हा हिशेब केला आहे. कधी वाटतं, डबा त्याच्या हातात होता. कधी वाटतं, तो परत जिन्यावर होता.

दुसरा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागला तेव्हा पाण्याचा डोंगर उभा राहिला आणि आमच्यावर कोसळला. होडी उलटली नाही ती चाचामुळे. तो आईबहिणीवरून ओरडत होता, ओढा, ओढा, भोवऱ्यात जाल. बायकांनीसुद्धा हातांनी पाणी मागे सारलं. मी डोळे उघडले तेव्हा बोटीचं एक टोक वर होतं. पुन्हा बघितलं तेव्हा ते नव्हतं. एवढी मोठी वस्तू इतक्या थोड्या वेळात जाते, हे मला अजूनही खरं वाटत नाही. जिथं ती भिंत होती तिथं चंद्राचा उजेड पडला होता.

पाण्यात माणसं होती. उजाडेपर्यंत चाचा आणि आणखी दोघं त्यांना वर ओढत होते. जो वर येईल त्याचं तोंड आई दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवायची, बघायची आणि सोडायची. आधी बाप्यांची, नंतर नंतर सगळ्यांचीच, बायकांचीसुद्धा. कुणी तिला अडवलं नाही. सकाळी होडीत इतकी गर्दी झाली की आणखी कुणाला घेणं शक्य नव्हतं. मग ती बसली आणि मामाच्या चपला मांडीवर घेतल्या.

दोन दिवस आम्ही पाण्यावर होतो. एका पिपात गोडं पाणी होतं, ते चाचाच्या ताब्यात. दिवसातून ठरावीक वेळी तो एक पत्र्याचं मापटं फिरवायचा, पोरांना आधी. तोंडात धरून ठेव, लगेच गिळू नको, असं मला शिकवलं. बिस्किटं दगडासारखी होती, ती त्या घोटाबरोबर विरघळवायची. ऊन फार. आईनं नऊवारी नेसलेली होती. अंगावरच्या लुगड्याचा घोळ सोडून तिनं अर्धं फाडलं आणि चाचानं ते चार वल्ह्यांना बांधून पोरांवर सावली केली. आमच्या घरची बाई चारचौघांत पदर खांद्यावरून ढळू न देणारी. त्या दिवशी तिनं कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. बेनचं मूल त्या सावलीत वाचलं. मिठाच्या पाण्यानं सगळ्यांच्या मांड्यांना, ढोपरांना जखमा झाल्या होत्या, हलवत नव्हतं. रात्री थंडी वाजायची. कुणी गुजरातीत भजन म्हणायचं. चाचा बसल्या जागी नमाज पढायचा. मी रामरक्षा म्हणायला लागले, मध्येच विसरले, आईनं पुढचा चरण सांगितला. दोन दिवसांत तिच्या तोंडून तेवढंच काय ते आलं.

एक जण तहानेनं समुद्राचं पाणी प्यायला. चाचानं त्याचे हात बांधायला लावले. तरी तो दुसऱ्या रात्री गेला. त्याला पाण्यात सोडताना चाचानं आधी विचारलं, हिंदू का मुसलमान, आणि त्याप्रमाणे ज्याला जे येत होतं ते म्हणायला सांगितलं.

२५ तारखेला धूर दिसला. जपानी असेल म्हणून अर्धी माणसं खाली वाकली. ती ‘बर्मिंगहॅम’ नावाची ब्रिटिश आरमाराची क्रूझर होती. तिनं दिवसभर फिरून होड्या, तराफे गोळा केले आणि ६७४ जणांना वर घेतलं. आणखी ४ जण पुढे ‘कार्थेज’ नावाच्या दुसऱ्या बोटीला सापडले. २८० गेले. क्रूझरच्या बाजूनं दोरांची जाळी सोडली होती. आईच्या पायात जोर नव्हता, तरी तिनं मामाच्या चपला कमरेला बांधल्या आणि चढली. वर गोरे पोरसवदा खलाशी होते. त्यांनी आपले सदरे काढून बायकांना दिले, आपल्या झोपायच्या जागा दिल्या, कोकोचे मग हातात दिले. एकानं माझ्या ढोपरांना मलम लावलं आणि लावता लावता रडायला लागला. मामा ज्यांना चले जाव म्हणत होता ती हीच माणसं. मी दहा वर्षांची होते, मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आज वाटतं, मामालाही वाटलं नसतं.

२७ तारखेला, पुन्हा शुक्रवारीच, आम्ही मुंबईला उतरलो. टेबलं मांडली होती. एका बाबूनं नाव विचारलं, गाव विचारलं, बरोबर कोण होतं ते विचारलं. लिहून घेतलं. कांबळं दिलं. पुढच्या टेबलावर चहा आणि पाव होता. आई रांगेतून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मी तिचा हात ओढला तर म्हणाली, “कुणी मागितलेच नाहीत.”

मला तेव्हाच कळलं ती कशाबद्दल बोलते आहे. त्या दिवसापासून आम्हा दोघींमध्ये ते आहे. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. घरी तिनं सांगितलं, बाळ मदत करायला चढला. आजीनं ते ऐकून डोळे पुसले आणि म्हणाली, तो तसाच होता. मग मी काय बोलणार. देह नसला की पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात त्याला. आजोबांनी तो केला. चपला त्यातच ठेवल्या.

पुढची काही वर्षं मी हे मागे टाकलं होतं. मग साठी ओलांडल्यावर वाचायला लागले. आम्हाला बुडवणाऱ्या पाणबुडीचं नाव आय-२९, तिचा कप्तान जुइची इझू. हे वाचलं त्याच पानावर पुढचं होतं. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ ला, मादागास्करच्या जवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून सुभाषबाबूंना आपल्याकडे घेणारी आणि सुमात्राच्या सबांग बंदरात सुखरूप उतरवणारी पाणबुडी तीच. मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. गोधडीखालचा तो रेडिओ, मामाची मांडी, ती खरखर, सगळं समोर आलं. ज्यांचा आवाज ऐकायला तो तुरुंगाची जोखीम घेत होता, त्यांना ज्या बोटीनं पोचवलं तिनंच त्याला मारलं. जपान्यांना कोण कुठला मामा ठाऊक असणार, त्यांच्या दुर्बिणीत आम्ही इंग्रजांचं एक जहाज होतो. पुढे १९४४ च्या जुलैत अमेरिकन पाणबुडीनं आय-२९ ही बुडवली, तीही माणसं गेलीच. आमच्या घरात नेताजींची तसबीर आहे. सून म्हणाली, काढून ठेवू का. मी म्हटलं, राहू दे. मामानं ती काढली नसती.

दुसरी गोष्ट चांदीची. आमच्या डेकखाली ‘तिलावा’वर ६० टन चांदी होती, २,३६४ विटा, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चाललेल्या. आम्ही तिच्यावर वळकट्या टाकून झोपलो होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. २०१७ साली सुमारे अडीच हजार मीटर खोलीवरून ती वर काढली, इंग्लंडला नेली, आणि ती कुणाची यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. २०२४ च्या मे महिन्यात निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला. नातवानं मला सगळं वाचून दाखवलं. ज्याची चांदी त्याला मिळावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त वाचताना माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की त्या विटांच्या जवळपासच कुठेतरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असेल. नसेलही. पत्रा तेवढा टिकत नाही.

२३ नोव्हेंबर २०२२ ला, ८० वर्षं झाली म्हणून, बॅलार्ड इस्टेटमध्ये स्मरणाचा कार्यक्रम झाला. माझी तब्येत तेव्हा बरी नव्हती, मी घरूनच नमस्कार केला. पण हे पहिल्यांदाच घडत होतं की ज्यांची माणसं त्या रात्री गेली ते एका जागी जमले होते. बातमी वाचून मी खूप वेळ रडले, आणि बरं वाटलं.

१९४६ मध्ये आम्ही पुन्हा निघालो. सगळे नको म्हणत होते, बाबांनीही लिहिलं, मीच परत येतो. आईनं ऐकलं नाही. या वेळी तिनं सगळे कागद स्वतः केले. राजापूरला तहसिलीत गेली, मुंबईला फोर्टातल्या त्याच कचेऱ्यांचे जिने चढली, फोटो काढताना पदर आपणहून मागे घेतला. लिहिता-वाचता येत होतं, पण इंग्रजी नव्हतं, तरी कुठला कागद कुठला ते तिला शिक्क्यावरून ओळखू यायला लागलं. या वेळी डबा केला नाही. मेणकापडाची पिशवी शिवली आणि पोलक्याच्या आत बांधली. तिसऱ्या रात्री ती झोपली नाही. दोनच्या सुमाराला उठून कठड्याशी गेली, गावाहून आणलेला नारळ पाण्यात सोडला. मी जागी होते, पण गेले नाही तिच्याजवळ.

मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात उतरल्यावर गोऱ्या अधिकाऱ्यानं हात पुढे केला. आईनं पिशवी सोडून सगळे कागद त्याला दिले. त्यानं वरचा एक बघितला, दुसरा उलटला, शिक्का मारला आणि परत केले. अर्धं मिनिट लागलं असेल. पलीकडे बाबा उभे होते. आई तिकडे जायला निघाली आणि जाताना ते कागद तिनं माझ्या हातात दिले. मी चौदा वर्षांची होते. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत तिचे सगळे कागद माझ्याकडेच राहिले. तिनं एकदाही मागितले नाहीत.